नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि लगेच बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. या धपाट्यांमागचं शास्त्र मला पाश्चात्त्य पर्यायी संगीताचा इतिहास वाचेपर्यंत कळलं नव्हतं. तिथे आत्याबाईंचं काम संगीतसमीक्षक करतात आणि धपाटे घालायला कुणीच नसतं. परिणाम व्हायचा तोच झाला.

मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. फरक एका अनुस्वाराचा, पण समीक्षकांनी तेवढाही शिल्लक ठेवला नाही. 1970च्या आसपास जर्मनीतली काही मंडळी जगावेगळं संगीत करू लागली. ब्रिटिश पत्रकारांनी त्याचं बारसं केलं : 'क्राउटरॉक'. क्राउट म्हणजे कोबी. महायुद्धात इंग्रज सैनिक जर्मनांना हिणवायला हाच शब्द वापरत. उद्या कुणी एखाद्या गायकीला 'भरली वांगी घराणं' म्हणावं, तसंच हे. पण 'फाउस्ट' नावाचा बँड वस्ताद निघाला. 1973 साली त्यांनी आपल्या अल्बमची सुरुवातच सुमारे 12 मिनिटांच्या एका रचनेनं केली आणि तिला नाव दिलं 'क्राउटरॉक'. चिडवणाऱ्याचं तोंड बंद करायला याहून चांगला उपाय नाही.

पुढे 1990च्या आसपास इंग्लंडमध्ये काही बँड मंचावर मान खाली घालून वाजवू लागले. गिटारचा आवाज बदलणारी पेडल्स पायाशी असत, तिकडे बघणं भागच होतं. तबलजीनं तबल्याकडे पाहिलं तर आपण त्याला 'डग्गादर्शी' म्हणत नाही. तिथल्या पत्रकारांनी मात्र शैलीचं नावच ठेवलं 'शूगेझ', म्हणजे बुटांकडे टक लावणं.

1994 साली सायमन रेनल्ड्स या समीक्षकानं 'पोस्ट-रॉक' ही संज्ञा रूढ केली. रॉकचीच वाद्यं घ्यायची, पण त्यांतून रॉक वाजवायचं नाही. आमच्याकडे उपासाची मिसळ मिळते. तिच्यात मटकी नसते, फरसाण नसतं, तरी ती मिसळच असते. रेनल्ड्ससाहेबांचं म्हणणं मला तिच्या पहिल्या घासाला पटलं.

अमेरिकेत हार्डकोर या आक्रमक पंक रॉकच्या भावनाप्रधान रूपाला 'इमो' म्हणू लागले, तेव्हा वॉशिंग्टनचे गायक इअन मकाय यांनी भर कार्यक्रमात त्या लेबलाची खिल्ली उडवली. हार्डकोर काय पूर्वी भावनेशिवाय होतं का, हा त्यांचा सवाल. आपण मात्र 'भावगीत' म्हणतो आणि बाकीची गीतं अभावगीतं आहेत का, असं कुणी विचारत नाही.

सर्वांत शहाणा सिअॅटलचा मार्क आर्म. 1981 साली त्यानं एका छोट्या नियतकालिकाला पत्र पाठवून आपल्याच बँडला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यात 'ग्रंज' हा शब्द होता. ग्रंज म्हणजे मळ, घाण. दहा वर्षांत त्या घाणीचं सोनं झालं आणि 1992च्या नोव्हेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ला ग्रंजवाल्या तरुणांची खास बोली छापायची हुक्की आली. मेगन जॅस्पर नावाच्या तरुणीला फोन गेला. तिनं बसल्या जागी शब्द पाडले. उनाडक्या करणं म्हणजे 'स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप', वगैरे. टाइम्सनं सगळे छापले. आत्याच्या पाठीत बसलेला हा इतिहासातला पहिला दणदणीत धपाटा!

'पर्यायी' या शब्दाची कथा तर आपल्या रस्त्यांसारखी. 'पुढे काम चालू, पर्यायी मार्ग' अशी पाटी लागते आणि सगळी कोंडी त्या पर्यायी मार्गावरच होते. ग्रॅमीनं 1991 साली पर्यायी संगीतासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. पहिली मानकरी शिनेड ओकॉनर. तिनं तो घेतलाच नाही. वर्षभरात 'निर्वाणा' या बँडचा अल्बम मायकल जॅक्सनला खाली ढकलून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आता पर्यायी कोण आणि कशाला, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हल्ली बारशी घाऊक भावात होतात. स्पॉटिफायवरच्या शैलींची यादी सहा हजारांच्या पुढे गेली. त्यात 'एस्केप रूम' नावाचीही एक शैली होती. ही यादी सांभाळणाऱ्या ग्लेन मॅकडोनाल्ड यांना 2023च्या डिसेंबरात कंपनीनं नोकरकपातीत घरी पाठवलं. पाळणे सहा हजार आणि आत्याच बेरोजगार!

तेव्हा वाचकहो, घरातल्या पोराला 'हे काय लावलंयस?' असं विचारल्यावर त्यानं तीन जोडशब्दांचं नाव सांगितलं, तर दचकू नका. त्याच्याशेजारी बसा आणि गाणं पूर्ण ऐका. नाव सावकाश ठेवता येईल. नावं तर आपण ऐकण्याआधीच ठेवलेली असतात.