बिनभाड्याच्या भाडेकरूस खुले पत्र

श्रीमान जिवाणू स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस,
मुक्काम पोस्ट आमची कातडी, बेंगळुरू.



प्रथम अभिनंदन. जयनगरच्या मामांच्या पेसमेकरची बॅटरी बदलून दीड वर्ष झालं आणि गळपट्टीच्या हाडाखाली लाली आली. घरात संशयितांची यादी झाली: मोबाईल, इंडक्शनची शेगडी, जयदेव हॉस्पिटल मेट्रो स्थानकातली तपासणीची कमान. (हृदयाच्या इस्पितळाचं नाव मिरवणारं स्थानक हृदयावरच कशाला उठेल?) तुमचं नाव कुणाच्या तोंडी नाही. तुम्ही तर जन्मापासून घरचेच.

या शहरात घरमालक दहा-दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स मागतात. तुम्ही एक रुपया न देता टायटॅनियमच्या डबीवर आणि वायरच्या वेष्टनावर उतरलात, अंगाभोवती चिकट पापुद्रा ओढलात आणि निवांत पडून राहिलात. ना ताप, ना हुडहुडी. रक्ताच्या कल्चरमध्येही मनात आलं तर सापडायचं, नाहीतर नाही. केवढा हा विनय!

तुमच्या हितचिंतकांचेही आभार मानायला हवेत. ‘घामोळं असेल’ म्हणणारे शेजारी, मलम देणारा केमिस्ट, आठवडाभराच्या अँटिबायोटिकवर भागवणारे डॉक्टर. गोळ्यांनी लाली ओसरली, मामी पेढे वाटून मोकळ्या झाल्या आणि पापुद्र्याखाली तुम्ही खुशाल. फुगवट्यात सुई घालून बघणारा कुणी भेटला असता तर दुधात साखर; बाहेरच्या भाऊबंदांनाही आत वाट मिळाली असती.

तुमचा हिशोब पक्का आहे. पहिल्या वेळेपेक्षा बॅटरी बदलताना डबीचा कातडीखालचा खिसा पुन्हा उघडतो, तेव्हा तुम्हाला संधी जास्त. तरी 1958 साली स्वीडनमध्ये ज्यांना शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर मिळाला, ते आर्ने लार्सन वीसहून अधिक डब्या बदलत 2001पर्यंत जगले आणि गेले ते कर्करोगाने. तिथे तुमचं काही चाललं नाही, हे सहज आठवलं.

तुम्हाला हुसकावायचं तर नुसती औषधं पुरत नाहीत. डबी आणि वायर, सगळंच काढावं लागतं. वर्षानुवर्षं मुरलेली वायर शिरेला आणि हृदयाच्या आतल्या भिंतीला घट्ट धरलेली असते. मामांची वायर लेसरच्या नळीने सोडवली, तेव्हा शीर फाटलीच तर म्हणून छाती उघडणारे सर्जन शेजारीच तयार होते. मामा आता बरे आहेत. रक्त स्वच्छ असल्याची खात्री झाली की नवा पेसमेकर बसेल. कुठे, ते कळवत नाही.

लोभ नसावा, ही विनंती.

आपली,
मामांची भाची