डब्यांची लढाई

नव्वदच्या दशकात सेगा आणि निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. महाडजवळच्या बिरवाडीला त्याचा पत्ताही नव्हता. ८० टक्के आयातकर टाळायला सेगाने १९९५ मध्ये भारतात हात धरला तो शॉ वॉलेसचा. हेवर्ड्स बिअर विकणाऱ्यांकडे आता पोरांची खेळणी! सेगाच्या डब्याची किंमत १८ हजार रुपये. महाड एमआयडीसीतला कामगार तेवढ्यात घराचे पत्रे बदलून घेईल की पोराचा हट्ट पुरवेल?

जिंकला तिसराच. मे महिन्यात मुंबईकरांच्या पिशवीतून येणारा, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची बेमालूम नक्कल केलेला स्वस्त डबा. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’, आत दहा-बारा खेळ. तेच पुन्हा वेगळ्या नावाने, पक्ष बदललेल्या उमेदवारांसारखे. मारिओ कोकणात उतरला तो असा, बापाचे नाव न लावता.

पुढे २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी मायक्रोसॉफ्टने अक्षयकुमार आणि युवराज सिंग यांना उभे केले. वर्षभरात सोनीचे प्लेस्टेशन ३ आले. मग बाजारपेठेतल्या कट्ट्यावर दोन्हींत सरस कोण यावरून हमरीतुमरी होऊ लागली. सर्वांत चढा आवाज त्याचा, ज्याच्या घरी दोन्हींपैकी एकही नव्हते.