पावणेदहा सर

आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना 'पावणेदहा सर' म्हणतात. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरनं वाढत जातो, हे सरांनी येता-जाता इतक्यांदा ऐकवलंय की दुसरं काही नाव पडणं शक्यच नव्हतं. सरांचा राग नावावर नाही, हिशेबावर आहे. "पावणेदहा म्हणजे ९.७५. पुस्तकात ९.८, ध्रुवावर ९.८३ आणि आपल्या पुण्यात ९.७८. चिडवायचंच तर नीट चिडवा."

भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर ही एक जातच वेगळी. त्यांची शाळा सुटते, फळा सुटत नाही. हातातून वाटी निसटली की तुम्ही-आम्ही "अरेरे" म्हणतो, सर "बघितलंत?" म्हणतात. मग ती किती उंचीवरून पडली याचा अंदाज घेतात, डोळे मिटून वर्गमूळ काढतात आणि डोळे उघडेपर्यंत काकू वाटी उचलून, फरशी पुसून, आत गेलेल्या असतात. पडणाऱ्या वस्तूबद्दल सरांना सगळं ठाऊक आहे, पण आयुष्यात एकही वस्तू त्यांनी पडताना झेललेली नाही.

पिसाच्या मनोऱ्याचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. "गॅलिलिओनं मनोऱ्यावरून गोळे टाकले, हे कोणी सांगितलं? त्याच्या शिष्यानं, व्हिव्हियानीनं! गॅलिलिओ स्वतः त्या समारंभाबद्दल अवाक्षर लिहीत नाही. त्याच्या आधी, १५८६ साली, डेल्फ्टमध्ये सायमन स्टेव्हिननं शिशाचे दोन गोळे सोडले होते. एक दुसऱ्याच्या दहापट जड. तीस फुटांवरून, खाली फळी ठेवून. दोघांचा मिळून आवाज आला एक!"

हा इतिहास मला पाठ आहे, कारण सर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या खाली. ती फळी म्हणजे आमचं छत. सर स्टुलावर चढतात, एका हातात खलातला पितळी बत्ता, दुसऱ्या हातात अडकित्ता, खाली काकूंचा पोळपाट. रात्री जेवणं आटोपली की वरून धाडकन आवाज येतो. मग जिन्यात चपला वाजतात, आमची बेल वाजते आणि दारात सर, धापा टाकत : "एक आला की दोन?"

"एकच, सर."

"छान. झोपा आता."

एकदा मला खोडी काढावीशी वाटली. म्हटलं, "दोन आल्यासारखे वाटले." सरांचा चेहरा पडला. त्या रात्री आमच्या डोक्यावर बत्ता-अडकित्ता किती वेळा पडले याची मोजदाद नाही. शेवटी काकूंनी पोळपाट काढून घेतला आणि विज्ञान तात्पुरतं थांबलं. तेव्हापासून मी कधीही 'एकच' सांगतो, अगदी त्या वेळी बाथरूममध्ये असलो तरी.

जड वस्तू आधी का पडत नाही, यावर सरांचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. "जडाला पृथ्वी जास्त जोरानं ओढते, कबूल. पण जड हलायलाही तितकेच आढेवेढे घेतं. जोर दहापट, आढेवेढे दहापट, हिशेब फिटला." उरली हवा. हवा मध्ये आली की पीस रेंगाळतं. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम टेकले, हे सांगताना सरांचा आवाज कापरा होतो. मुलीच्या लग्नातसुद्धा तो इतका कापरा झाला नव्हता, असं काकू म्हणतात.

मागच्या वार्षिक सभेत कठड्यावरच्या कुंड्यांचा विषय निघाला. सर उभे राहिले. तिसऱ्या मजल्याचा कठडा दहा मीटर उंच धरू. पहिल्या सेकंदात कुंडी ४.९ मीटर येते, पुढच्या सेकंदात तिला त्याच्या तिप्पट जायचं असतं, पण जमीन मध्ये येते. एकूण वेळ १.४३ सेकंद, टेकतानाचा वेग तासाला ५० किलोमीटर. तुळशीची छोटी कुंडी असो की निवडुंगाची मोठी, वेग तोच. फरक पडतो तो डोक्याला. सभा चिडीचूप. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी पदर डोक्यावर घेतला. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे कुंड्या काढायच्या ना, सर?"

"तो प्रश्न प्रशासकीय आहे," म्हणून सर खाली बसले. कठड्यावर सगळ्यात जास्त कुंड्या त्यांच्याच होत्या.

व्हॉट्सअॅपवर कोणीतरी 'न्यूटनच्या आधी भास्कराचार्य' असं पाठवलं की सर दोन्ही बाजूंशी भांडतात. हसणाऱ्यांना सांगतात, की ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असं स्वच्छ लिहिलेलं आहे. फुशारणाऱ्यांना विचारतात, की किती वेळात किती खाली, हे सूत्र त्यात दाखवा. परिणामी सरांना ग्रुपमधून दोन्ही बाजू काढतात. मला विचाराल तर त्या ग्रुपमध्ये तेवढा एकच माणूस शुद्धीवर असतो.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पोरांसाठी शंभराच्या नोटेचा खेळ असतो. सर नोट उभी धरतात. पोरानं अंगठा आणि बोट नोटेच्या मधोमध, दोन बाजूंना, न टेकवता ठेवायचं. सर न सांगता सोडणार. पकडली तर नोट तुझी. पोरं चिमटीत हवा पकडतात आणि नोट पायाशी. सर खूश. नोट १४.२ सेंटीमीटर लांब, तिचा खालचा अर्धा भाग बोटांतून जायला बारा शतांश सेकंद, आणि डोळ्यांनी बघून बोटं मिटायला माणसाला लागतात साधारण वीस. "निसर्गाशी पैज आहे, बाळांनो!"

काकू भाजीला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "मी बघू?" पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी बोटं धरली. सरांनी नोट सोडली. काकूंनी पकडली. पुन्हा सोडली, पुन्हा पकडली.

"हे अशक्य आहे," सर म्हणाले.

"अहो, सोडायच्या आधी तुमची डावी भुवई वर जाते. चाळीस वर्षं बघतेय." नोट पिशवीत टाकून काकू मंडईकडे गेल्या.

पुढच्या रविवारी सर गॉगल लावून, कपाळापासून हनुवटीपर्यंत उपरणं गुंडाळून खाली आले. पोरं हरली. मग काकूंनी बोटं धरली, आणि ती नोटही मंडईत गेली. कशावरून ओळखलं, ते काकू सांगायला तयार नाहीत. सर आता पाचशेची नोट लावावी की नको, या विचारात आहेत.