पिसं मोजणारे

फोटो चांगला आहे की वाईट, हे आता फोटो न बघताही सांगता येतं. तो कॉम्प्युटरवर उघडायचा, शंभर टक्क्यांना न्यायचा आणि पक्ष्याच्या मानेपाशी थांबायचं. पिसं सुटी सुटी दिसली तर फोटो चांगला. नाही दिसली तर लेन्स बदलायची. पक्षी करत काय होता, उजेड कुठून येत होता, त्याच्या डोक्यातून मागचा विजेचा खांब उगवलाय का, हे प्रश्न किरकोळ. ते किट लेन्सवाल्यांनी विचारायचे.

या शंभर टक्क्यांचा हिशेब एकदा मांडू या. २४ मेगापिक्सेलचा फोटो आडवा सहा हजार ठिपक्यांचा असतो. घरातल्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. म्हणजे शंभर टक्क्यांवर गेल्यावर आपण जवळजवळ साडेपाच फूट रुंद फोटोच्या एका तुकड्याकडे हातभर अंतरावरून बघत असतो. एवढा फोटो टांगायला आपल्या वन बीएचकेत भिंत नाही. टांगलाच तर पाहुणे तो सोफ्यावरून बघणार. उठून काचेला नाक लावणारा पाहुणा निघालाच, तर तोही हौशी फोटोग्राफर समजावा आणि त्याला चहा लवकर द्यावा. बरं, एवढ्या तपासणीनंतर फोटो जातो कुठे? नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. तिथे साध्या दर्जात तो आकसून दोनेक मेगापिक्सेलचा होतो आणि आत्या त्यावर हात जोडल्याची खूण टाकते.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण जुनीच. आता अंगणाच्या वाकडेपणाचा आलेखसुद्धा कंपनीकडूनच मिळतो. त्याला एमटीएफ चार्ट म्हणतात. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत लेन्स बारीक रेघा किती स्पष्ट उमटवते, ते त्यात दिसतं. कोपऱ्याकडे आलेख उतरला की आमच्या मंडळींचा चेहरा उतरतो. त्यांच्या फोटोच्या कोपऱ्यात आजवर आकाश आणि ताडोबातल्या जिप्सीच्या ड्रायव्हरचा कान यापलीकडे काही आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. तो कान शार्प हवा.

‘फोटो सॉफ्ट येतोय,’ ही तक्रार मात्र खोटी नसते. फोटो खरंच सॉफ्ट असतो. खोटं असतं ते निदान. दहातले बहुतेक फोटो लेन्सने बिघडत नाहीत, हलल्यामुळे बिघडतात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा जुना ठोकताळा असा: सहाशे मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागाइतकं तरी जलद हवं, आणि सेन्सर लहान, एपीएस-सी असेल तर नऊशेव्या. हा झाला फक्त आपल्या थरथरत्या हाताचा हिशेब. पक्षी उडत असेल तर दोन हजाराव्या भागाच्या आसपास किंवा पलीकडेच जावं लागतं. आमचे स्नेही सकाळच्या अर्ध्या उजेडात अडीचशेवर थांबतात. कारण आयएसओ चारशेच्या वर नेला की फोटोत दाणे येतात, असं त्यांना पहिला कॅमेरा विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्यानंतर सेन्सरच्या किती पिढ्या उलटल्या, स्नेही चारशेवरून हलले नाहीत. हलला तो बगळा. दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी पुसता येतात. फराटा झालेल्या पंखाची पिसं जागेवर आणून बसवणं जवळपास अशक्य.

लेन्सवर व्हीआर, आयएस, ओएस असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याच्या जोरावर सगळं निभावेल, अशी समजूत आहे. ते आपला हात आवरतं. समोरचा धीवर आवरत नाही, आणि वाढदिवसाचा केक सोडून पळणारा नातू तर मुळीच नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात, सेकंदाच्या तिसाव्या भागात, नातवाच्या चेहऱ्याचा फराटा झाला की आजोबा म्हणतात, ‘या लेन्समध्ये दम नाही.’ नातवात जास्त आहे, हे कुणी बोलत नाही. पुढच्या दिवाळीला नवी लेन्स येते. तोवर नातूही आणखी जोरात पळायला लागलेला असतो.

हा सगळा प्रकार एका जागी बघायचा असेल तर हिवाळ्यातल्या रविवारी भिगवणला जावं. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या काठाला, पहाटे होड्या तयार असतात आणि पुण्याहून आलेल्या गाड्यांतून लेन्स उतरतात. लेन्सला झाडपानाच्या छपाईचं कव्हर असतं, म्हणजे पक्ष्यांना ती दिसू नये. लेन्सच्या मालकाचं जर्किन पोपटी असतं. होडीत सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात दीडशे-सहाशे, आणि एकाने डबा काढायला वाकावं की सात जणांचा फोकस डुलतो. ट्रायपॉड आणलेला असतो. तो डुलणाऱ्या होडीत रोवलेला असतो, त्यामुळे तोही सगळ्यांच्या बरोबरीने डुलतो.

होडीवाल्याला या व्यवहारातलं सगळ्यात जास्त कळतं. सूर्य पाठीशी घ्या म्हणतो, इंजिन बंद करून बांबूने होडी पुढे सरकवतो आणि एका अंतरावर थांबतो. तिथे आमच्या मंडळींचा जीव कासावीस होतो. रोहित पक्ष्यांचा थवा नुसता उभा राहून चिखलात चोच फिरवतोय, यात काय फोटो? मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘दादा, जरा उडवता का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा कॅमेरा पाण्यात पडावा, असं माझं वैयक्तिक मत आहे. हजारो मैलांची नसली तरी बरीच लांबची मजल मारून पोट भरायला आलेला पक्षी काही मॉडेल नव्हे. पण कधीकधी होडी पुढे जाते, थवा उडतो, शटर सेकंदाला वीस फोटोंच्या वेगाने कडकडतं आणि त्या वीसही फोटोंत फोकस असतो तो मध्ये आलेल्या बाभळीच्या काटकीवर. काटकी मात्र अशी शार्प, की काटे मोजून घ्यावेत.

यात कॅमेऱ्याचा दोष काय? सगळे फोकस-बिंदू त्याच्या हवाली केले की तो बहुधा जवळची, ठळक कडांची वस्तू धरतो. एकच बिंदू निवडून तो पक्ष्यावर ठेवणं, सतत पाठलाग करणारा फोकस लावणं, हे मालकाचं काम. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि मॅन्युअल खोक्यात असतं. खोकं जपून ठेवलेलं असतं, कारण विकताना लागतं. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपसूक ओळखता येतो, हे खरं. मालकाला पक्षी ओळखता येतो, असं मात्र नाही.

ऊन चढलं की आणखी एक भागीदार येतो, तो म्हणजे हवा. तापलेल्या जमिनीवर हवेचे थर कमी-जास्त दाट होत राहतात आणि त्यातून येणारा प्रकाश वाकत, थरथरत येतो. डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसतं, त्याच कारणाने. मे महिन्यातल्या ताडोबात दोनशे मीटरवर बसलेल्या वाघाचा सहाशे मिलिमीटरने काढलेला फोटो निम्मा वाघाचा असतो आणि निम्मा हवेचा. लेन्स जितकी लांबची, तितकी हवाही मोठी होऊन येते. यावर उपाय लवकर उठणं किंवा वाघ जवळ येण्याची वाट बघणं. दोन्ही दुकानात मिळत नाहीत, म्हणून मग टेलिकन्व्हर्टर घेतला जातो.

आपोआप फोकस ही मुळातच खर्चिक गोष्ट. घाऊक प्रमाणात निघालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७चा कोनिका सी३५ एएफ. १९८५ मध्ये मिनोल्टाने फोकसची यंत्रणा आणि मोटर पोटातच बसवलेला ७००० हा एसएलआर आणला. हनीवेल कंपनीने पेटंटवरून त्यांना कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. फोकसपायी त्यानंतर एवढा पैसा घालवला असेल तर तो आमच्या मंडळींनीच, हप्त्याहप्त्याने.

डीएसएलआरच्या काळात तक्रारीला थोडा आधार होता, हे मान्य. आरशामागचा एक छोटा आरसा प्रकाश तळाकडच्या वेगळ्या सेन्सरवर पाठवायचा. फोकस तिथे मोजला जायचा आणि फोटो मागच्या सेन्सरवर उमटायचा. दोन्ही वाटा केसभर जुळल्या नाहीत की फोकस डोळ्याऐवजी नाकावर नाहीतर कानावर. कंपन्यांनी मग बऱ्याच कॅमेऱ्यांत उणे वीस ते अधिक वीस अशी दुरुस्तीची सोय दिली. झालं. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी डायनिंग टेबलावर पंचेचाळीस अंशात टेकवली गेली आणि सुट्टीचा दिवस तिचे फोटो काढण्यात गेला. त्या काळात काही घरांत पट्टीचे जितके फोटो निघाले, तितके घरातल्या माणसांचे निघाले नाहीत. मिररलेस कॅमेरे फोटोच्याच सेन्सरवर फोकस मोजतात, त्यामुळे हे दुखणं बहुतेक संपलं. मंडळी हळहळली.

राहिलं अ‍ॅपर्चर. ८५ मिलिमीटरची एफ १.४ लेन्स घेतली की ती कायम एफ १.४ वरच वापरायची, नाहीतर पैसे वाया. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून काढलेल्या चेहऱ्यात तेव्हा शार्प राहणारी जाडी जेमतेम अडीच सेंटिमीटर. माणसाचं डोकं एवढं पातळ नसतं. वधूने मान किंचित वळवली की एक डोळा मांडवात आणि दुसरा वऱ्हाडाच्या बसमध्ये. याच्या उलट, कोकणकड्यावर उभं राहिलं की एफ २२, कारण छिद्र लहान तितकं सगळं शार्प असं ऐकलेलं असतं. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो आणि पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं समान न्यायाने मऊ होतं. एफ ८, एफ ११ वर काम झालं असतं. वर लाखाच्या लेन्सपुढे तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर असतोच.

सॉफ्ट फोटोला नाकं मुरडण्याची खोड आजची नाही. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८व्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या वाइट बेटावर कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात त्यांनी स्टुडिओ थाटला. ओल्या काचा, मिनिटांच्या हिशेबातली एक्स्पोजर, समोरचा माणूस हलणारच. शिवाय चित्र सुंदर दिसलं की त्या लेन्स फिरवायच्या थांबत, आणखी काटेकोर फोकसच्या मागे लागत नसत. फोटोग्राफीतल्या जाणकारांनी त्यावर यथेच्छ टीका केली. साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्ही अँड एने, १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले. शास्त्रज्ञ हर्शेल आणि कवी टेनिसन आज आपल्याला दिसतात ते बरेचसे कॅमेरॉनबाईंच्या काचेतून. टीकाकारांच्या फोटोंची चौकशी कुठे करायची, ते कुणाला ठाऊक नाही. अर्थात हे ऐकून आपला हललेला खंड्या ‘मूडी’ म्हणून खपवणारी नवी जमात तयार होते. तिच्यापेक्षा पिसं मोजणारे बरे, ते निदान मोजतात तरी.

उन्हाळा लागतो, रोहित उठून जातात आणि जुन्या लेन्सचा बाजार भरतो. वर्षभर ‘सॉफ्ट’ म्हणून बदनाम झालेली दीडशे-सहाशे विकायला निघते. जाहिरातीचा मजकूर ठरलेला: वापर कमी, फंगस नाही, बिल आणि खोकं आहे, अत्यंत शार्प कॉपी. नमुन्यादाखल बाल्कनीतल्या कबुतराचा फोटो. विकण्याचं कारण: अपग्रेड. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, ‘एवढी शार्प आहे तर काढताय कशाला, साहेब?’ पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग: ‘तुम्ही या तर खरे, दोन हजार कमी करतो.’