परदेशात वडापाव शोधण्याची पहिली इयत्ता

व्हिसा आला, बॅग भरली, आईने चकलीच्या डब्याला तिसरी चिकटपट्टी मारली. आता विमानतळाकडे निघण्याआधी एवढं वाचून घ्या. ही मार्गदर्शिका ठाणे ते कल्याण आणि त्यापुढे कर्जत-कसारा दोन्ही फाट्यांवरच्या नवशिक्यांसाठी आहे. दादर, गिरगाव आणि पुण्याच्या मंडळींनी वाचायला हरकत नाही, पण मध्ये बोलू नये.

परदेशात पोहोचल्यावर पहिले काही दिवस तुम्ही पिझ्झा खाल, त्याचे फोटो घरी पाठवाल. मग एका संध्याकाळी पाऊस पडेल आणि वडापाव हवासा वाटेल. घरची आठवण वगैरे त्यानंतर येते. या अवस्थेत लगेच फोनवर दुकानं शोधू नका. आधी तयारी लागते.

तयारी : आपला वडापाव कोणता?

'ओरिजिनल वडापाव कुठे मिळेल?' असं विचारणारा माणूस पहिल्याच परीक्षेत नापास होतो, कारण ओरिजिनल म्हणजे काय यावर ठाणे जिल्ह्यात आजवर एकमत झालेलं नाही. इतिहास सांगतो की १९६६च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला. ते मान्य. पण म्हणून ठाणेकर काही दादरला जाऊन खात नाही. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलेला माणूस कुंजविहारचा मोठा वडा हाच मूळ आकार धरतो. तिथून नौपाड्यात गेलं की गजाननची पिवळी चटणी लागते, बेसनाची. ज्याने ती लहानपणापासून खाल्ली त्याला हिरवी चटणी म्हणजे कोणीतरी घाईत केलेली तडजोड वाटते. कल्याणात खिडकी वडा आहे. घराच्या खिडकीतून विकायला लागले म्हणून ते नाव, आणि कल्याणकर ते सांगताना असा आवाज लावतो की किल्ल्याचा इतिहास चालला आहे असं वाटावं. डोंबिवलीकर दुकानाचं नाव सांगतच नाही. 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण बसतो' एवढंच म्हणतो. आणि तो एक जण जगात भारी असतो.

तेव्हा कागद घ्या आणि लिहा: चटणी कोणती, सुकी लाल की हिरवी की पिवळी? गोड चटणी चालते का? (चालत असेल तर ते आत्ताच कबूल करा, नंतर त्रास होतो.) मिरची तळलेली, मीठ लावलेली हवी का? चुरा वर भुरभुरलेला की वेगळा मागून घेतलेला? वडा गोल की चपटा? हा कागद पाकिटात ठेवा. परदेशात तुम्हाला जो काही वडापाव मिळेल तो या कागदाशी ताडून नापास करायचा आहे.

दुकान ओळखणे

अमेरिकेत न्यू जर्सीला जात असाल तर एडिसन-इसेलिनचा ओक ट्री रोड तुम्हाला कोणीतरी दाखवेलच. साड्या, सोनं, सामोसे, सगळं एका रांगेत. लंडनला हाउन्स्लोमध्ये श्रीकृष्ण वडापाव आहे. मुंबईत कॉलेजात एकत्र शिकलेल्या दोघा मित्रांनी मंदीत नोकरीचं बिनसल्यावर २०१० साली ते सुरू केलं, तेही एका पोलिश आइस्क्रीमवाल्याच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन. आइस्क्रीमच्या काचेशेजारी कढईतून वडे निघत होते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपल्याकडेही धंदा असाच सुरू होतो, दुसऱ्याच्या ओट्यावर.

इतर ठिकाणी मात्र पाटी वाचायला शिका. 'बॉम्बे बर्गर' लिहिलं असेल तर आत जा, पण वडापावासाठी नाही. यादीत चीज, शेजवान आणि मेयोनीज हे तिन्ही वडापाव असतील आणि साधा नसेल, तर चहा घेऊन निघा. तव्यावर लोणी सोडून, लाल मसाल्यात पाव परतून वडापाव देत असतील तर मालक बहुधा गुजरातचे आहेत. सुरत-अहमदाबादकडे तो तसाच खातात आणि चवीला वाईट नसतो. नाक मुरडू नका, पण कागदावर टिकही मारू नका. आपल्याकडे वडापावाचा पाव गरम करत नाहीत. वड्याच्या वाफेने तो जितका गरम होईल तितका पुरे.

जगातल्या उत्तम सँडविचच्या एका यादीत, टेस्टअॅटलसच्या, वडापाव २०२४ मध्ये एकोणिसावा आला होता. आदल्या वर्षी तेरावा होता. ही बातमी दुकानदाराने फ्रेम करून लावली असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. एकोणिसावा का, हा प्रश्न गौण आहे. त्याला सँडविच कोणी म्हटलं, हा खरा प्रश्न. पण भूक लागलेली असताना तो काढायचा नाही.

पाव (हा धडा दोनदा वाचावा)

नवशिके वडा शोधत फिरतात आणि तिथेच फसतात. वडा कुठेही होतो. बटाटा, आलं, लसूण, मिरची, हळद, मोहरी, बेसन. यातलं काय मिळत नाही हो जगात? बटाटा तेवढा बघून घ्या. अमेरिकेतला रसेट कोरडा, पिठूळ, सारण भुसभुशीत करतो. पिवळा युकॉन गोल्ड जास्त बांधून धरतो. दोन्ही निम्मे निम्मे घेतले की काम भागतं. हालापिन्यो मिरची घेऊ नका, ती भाजीची मिरची आहे. थाई दुकानातली बारीक घ्या. वडा तर गोठवूनही प्रवास करतो. त्याचा पुरावा आपल्याच गावात आहे: गोली वडापावचं पहिलं दुकान २००४ साली कल्याणात उघडलं आणि त्यांची सगळी मांडणीच अशी की वडे कारखान्यात यंत्रावर व्हायचे, गोठवून गावोगाव जायचे आणि दुकानात फक्त तळायचे. हाताने थापलेल्या वड्याचे भक्त यावर चिडतात, चिडू देत. वडा हजार मैल जाऊ शकतो हे मात्र सिद्ध झालं.

पाव जात नाही. सगळं अडतं ते इथे.

लादीपाव एकदा हातात घेऊन नीट बघा, निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, साखर-तेल नावापुरतं. गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावतात, भट्टीत ते फुगतात आणि चिकटतात. त्यामुळे वरची बाजू तेवढी तपकिरी होते आणि चारी कडा पांढऱ्या, मऊ, सालीशिवाय राहतात. जोड सोडवताना कडेला धागे सुटतात. तळाला थोडं कोरडं पीठ असतं, ते बोटाला लागतं. नाकाजवळ धरला तर किंचित आंबूस वास येतो, गोड अजिबात नाही. मधून फाडून त्यात वडा दाबला की वडा फुटतो, पाव फुटत नाही. चटणीचं तेल तो हळूहळू पितो आणि तरी हातात राहतो. पहाटे सायकलवरून येतो, आणि रात्री उरला तर सकाळी दगड होतो. टिकावा म्हणून तो केलेलाच नसतो. रोज विकला जाणार ही खात्री असलेल्या गावातच असा पाव होऊ शकतो.

परदेशातला दुकानी पाव आठवडाभर फडताळात मऊ राहायला हवा. म्हणून त्यात साखर, लोणी, दूध, कधी अंडं. अमेरिकेत हवाइयन रोल नावाचा प्रकार मिळतो. बारा गोळे एकमेकांना चिकटलेले, वरून तपकिरी, कडा मऊ. बघताक्षणी डोळ्यांत पाणी येईल. हा सापळा आहे. तो गोड आहे, इतका की लसणाच्या चटणीला त्यात आपण कुठे आलो ते कळत नाही. तरी निम्मी अमेरिकास्थित मराठी घरं त्याच्यावरच वडापाव करतात आणि पाहुण्यांना सांगतात, 'अगदी आपल्या पावासारखा लागतो!' पाहुण्यांनी मान डोलवावी. बटाट्याच्या पिठाचा पोटॅटो रोल त्याहून बरा. ब्रिटनमध्ये पीठ भुरभुरलेला पांढरा बॅप मिळतो, तो आकाराने मोठा पण स्वभावाने जवळचा. जर्मनीतला ब्रोटशन घेऊ नका. त्याची साल टाळू सोलते, आणि चावताना वडा मागच्या बाजूने पळतो.

आता खरी युक्ती. ओक ट्री रोडवर पाव शोधायचं सोडा आणि त्याच राज्यात न्यूआर्कला आयर्नबाउंड नावाची वस्ती आहे तिथे जा. पोर्तुगीजांची वस्ती, पोर्तुगीज बेकऱ्या. टोरांटोत डंडास स्ट्रीट वेस्टला अशीच एक वस्ती आहे, लंडनमध्ये स्टॉकवेलच्या आसपास. तिथे पापो सेको नावाचा छोटा पाव मिळतो: मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. आपल्याकडे पाव आला तो याच लोकांकडून, गोव्यामार्गे, तेव्हा हे जुनं नातं उपयोगात आणायला लाजू नका. साल मात्र कडक असते. घरी आणल्यावर गरम असतानाच जाड फडक्यात गुंडाळून, डब्यात झाकण लावून ठेवायचा. तासाभरात साल नरमते. धागे सुटणार नाहीत, कडा पांढऱ्या असणार नाहीत, पण वासात साखर नसेल. भारतीय दुकानातल्या 'वडापाव बन'पेक्षा हा पाव आपल्या पावाच्या जास्त जवळचा आहे, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

महाराष्ट्र मंडळ : धोके आणि संधी

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ची. तिचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. तुमच्या शहरातलं मंडळ याहून लहान असेल, पण गणपतीला वडापावाचा स्टॉल बहुधा असतोच. रांगेत उभं राहिल्यावर पुढील संवाद होईल. त्याची घरी तालीम करून ठेवा.

'काका, तुम्ही ठाण्याचे का?'

'ठाण्याचा नाही. डोंबिवली. पूर्व.'

'अच्छा. नाही, पिवळी चटणी दिसत नाही म्हणून म्हटलं.'

'पिवळी? चटणी कुठे पिवळी असते का? तिला पिठलं म्हणतात.'

'काका, गजाननला खाल्लीय का कधी?'

'मी कशाला खाईन? आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी एक जण बसतो...'

'हिरवी आणि लाल, दोन आहेत,' टेबलामागच्या कोथरूडच्या वहिनी सांगतील. 'बोला पटकन, मागे आरतीला उशीर होतोय.'

इथे माघार घ्या. दोन्ही चटण्या घ्या. पाव हवाइयनच असेल. काही बोलू नका, कारण त्या वहिनींनी पहाटे उठून तीनशे माणसांचे बटाटे सोललेत आणि पुढच्या वर्षी ते काम तुमच्या गळ्यात पडू शकतं. तिथेच एखादे काका पिशवीतून घरची सुकी चटणी काढतील, खोबरं-लसणाची. त्यांच्याशी ओळख वाढवा. ऑस्ट्रेलियात असाल तर ही चटणी देशात आणताना विमानतळावरच्या कागदावर खाद्यपदार्थ आहेत असं लिहावं लागतं. न लिहिण्याचा हुशारपणा करू नये.

वर्तमानपत्र

वडापाव वर्तमानपत्रात बांधून हवा असा हट्ट धरणारे लोक आहेत. शाईचा वास लागतो म्हणे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने छापील कागदात अन्न बांधू नका असं वारंवार बजावलं आहे, त्यामुळे इथल्या गाड्यांवरही आता कोरा कागद दिसू लागलाय. परदेशात इंग्रजी पेपरात बांधून वडापाव खाणं हा केवळ देखावा आहे. भट्टीचंही तसंच. मुंबईच्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर जावं असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. तुम्ही सहा वर्षांनी परत याल तेव्हा लादीला धुराचा वास असेलच असं नाही, तेव्हा तिकडच्या पावाला फार नावं ठेवू नका.

शंकासमाधान

*शेजारी विचारतात, हे काय आहे?* बर्गर म्हणू नका. सँडविच म्हणू नका. एक हातात द्या आणि मिरची बाजूला काढून ठेवा.

*एका वडापावाला चार डॉलर, रुपयांत किती होतात?* हा हिशोब करू नये. केलाच तर घरी फोनवर सांगू नये. आईला वाटतं मुलगा उपाशी आहे.

*ठाण्याचे मित्र रोज गाडीवरून फोटो पाठवतात.* ग्रुप म्यूट करण्याची सोय आहे.

*पोर्तुगीज बेकरी नाही, बॅप नाही, काहीच नाही. फक्त कापलेला ब्रेड आहे.* मग वडापावाचा नाद त्या दिवसापुरता सोडा आणि कटवडा करा. कांदा-खोबरं भाजून वाटून झणझणीत रस्सा, वर तेलाचा तवंग, वडे त्यात सोडायचे, वर फरसाण आणि कच्चा कांदा. रस्सा पातळच ठेवा. ब्रेडच्या कडा कापू नका, त्या भिजल्यावर जास्त चांगल्या लागतात.