तौलनिक काका

प्रत्येक सोसायटीत एक तौलनिक काका असतात. बँकेतून नाहीतर विमा कचेरीतून निवृत्त झालेले, गुडघे जपून वापरणारे आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला दोन उत्तरं असलीच पाहिजेत अशी श्रद्धा बाळगणारे. घरी पाहुणा आला की ते ‘चहा की कॉफी?’ विचारतात. पाहुणा ‘चहा’ म्हणाला की कॉफीचे फायदे सांगतात. ठेव बँकेत की पोस्टात, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर की सातव्या, हे विषय त्यांनी ऐन उमेदीतच हातावेगळे केले. आता हिवाळा लागला की त्यांच्याकडे एकच विषय असतो : स्कीइंगला जायचं तर गुलमर्ग की औली?

काकांच्या पायाला आजवर स्की लागलेली नाही. कुणी तसं सुचवलंच, तर ते शांतपणे म्हणतात, “अरे, पंचाला बॅट कुठे धरावी लागते?”

इमारतीतलं एखादं तरुण जोडपं लिफ्टमध्ये ‘यंदा फेब्रुवारीत बर्फात जाऊ या’ एवढं बोलायचा अवकाश, रात्री जेवणानंतर काका वही घेऊन दारात उभे. दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे गुलमर्ग, उजवीकडे औली. उंची, रस्ता, रोपवे, बर्फ, गरम पाणी आणि पोळी असे रकाने. पोळीचा रकाना लाल शाईत.

“काका, आमचं गुलमर्ग ठरतंय,” तरुण सांगतो.

“वा, उत्तम निवड!” काका खुर्चीत बसतात. “श्रीनगरच्या विमानतळापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या लावल्या की पुढचे तेरा किलोमीटर बर्फातून वर. गाव २,६५० मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी हजार मीटर चढवले की गुलमर्गचा बाजार लागतो. तिथला रोपवे, म्हणजे गोंडोला, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा १९९८चा, कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५चा, तो अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. परदेशातले पट्टीचे लोक त्यासाठी येतात. पण…”

काकांचा ‘पण’ आला की समोरच्याने उशी मांडीवर घ्यावी.

“पण तुला स्कीइंग येतं का?”

“नाही, शिकायचंय.”

“मग वर जाऊन करणार काय? फोटो? वरचे उतार मुरलेल्यांसाठी. तिथे हिमस्खलनाची भीती असते. गस्तीची माणसं आधी मुद्दाम बर्फ पाडून घेतात आणि मग उतार खुला करतात. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. तू आपला खालच्या मैदानावर पडणार नि उठणार. एवढ्यासाठी औली काय वाईट?”

आणि औलीचं पान उघडतं. देवदारांच्या मधून उतरणारे उतार, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, राज्य सरकारच्या पर्यटन निगमाचे शिकाऊ वर्ग, २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा. काका इतकं रंगून सांगतात, की तरुणाच्या बायकोचे डोळे लकाकतात. ती म्हणते, “मग औलीच करू या.”

इथे अनुभवी शेजारी गप्प बसतो. ती नवीन असते.

“कर ना,” काका म्हणतात, “फक्त डेहराडूनच्या विमानतळापासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, सगळा घाटाचा. अख्खा दिवस गाडीत. आणि जोशीमठहून वर जाणारा चार किलोमीटरचा रोपवे होता ना, तो जानेवारी २०२३ मध्ये गावाची जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हा बंद झाला. निघण्याआधी चौकशी कर. त्यापेक्षा गुलमर्ग…”

“काका, बर्फ नक्की कुठे मिळेल तेवढं सांगा,” तरुण काकुळतीला येतो.

काकांना हाच प्रश्न हवा असतो. “नक्की? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला लोक वाळलेल्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. २०२५च्या फेब्रुवारीत तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले, मार्चमध्ये उरकले.”

“म्हणजे औली?”

“औली तर त्याहून दक्षिणेला. उतारही ३,०५० मीटरच्या आसपास संपतात. कृत्रिम बर्फाची यंत्रं आणलीत, पण ती चालायलाही थंडी लागते. थंडी नसेल तर यंत्र काय करणार?”

काकूंचा कौल मात्र पहिल्यापासून औलीला आहे. त्यांना स्कीइंगशी कर्तव्य नाही. बद्रीनाथाची हिवाळ्यातली पूजा जोशीमठच्या नृसिंहाच्या देवळात होते आणि वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग लागतात. “बर्फात पडायचंच आहे, तर निदान पुण्य तरी पदरात पडू दे,” असं त्यांचं म्हणणं. काका लगेच चष्मा वर सारतात. “अगं, पण शंकराचार्यांची टेकडी श्रीनगरलाही आहे.”

“अहो, मग तिथे तरी न्या!”

“नेतो की. पोळीचा रकाना अजून कच्चा आहे.”

शेवटी जोडपं कंटाळून गुलमर्गचं तिकीट काढतं आणि जातं. तिथे कळतं ते वहीत कुठेच नसतं. पहिले काही दिवस भाड्याच्या बुटात पाय कोंबण्यात, दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून थांबायला शिकण्यात आणि चुकून मागे घसरण्यात जातात. एवढ्याला शंभर-दीडशे पावलांचा सौम्य उतार पुरतो. तो गुलमर्गलाही आहे, औलीलाही आहे. नवशिक्याच्या पार्श्वभागाला दोन्हीकडचा बर्फ सारखाच लागतो. त्याला गरज असते ती शिकवणाऱ्याच्या धीराची, कोरड्या मोज्यांची आणि संध्याकाळी गरम कहव्याची. अफरवट वरून बघतो, एवढंच.

जोडपं परत येतं. नाकाची सालं निघालेली, गुडघ्यावर निळे डाग, तोंडावर हसू मावत नाही. काका जिन्यातच गाठतात, फोटो एकेक करून, बोटांनी मोठे करून बघतात आणि हळहळतात, “छान, छान. पण औलीला गेला असतात ना, तर नंदादेवी दिसली असती.” खालच्या मजल्यावरचे औलीहून आले, तेव्हा ‘गोंडोला हुकला’ म्हणून हेच काका हळहळले होते. त्यांचा पक्ष कायम न निवडलेल्या गावाचा.

त्यांना नावं ठेवू नका. त्यांची माहिती पक्की असते, फुकट असते आणि तिच्यात कुणाचं कमिशन नसतं. बर्फात जायचं मनात असेल तर वही जरूर बघा, साखळ्यांचं आणि रोपवेचं नीट विचारून घ्या. मात्र त्यांच्या दाराची बेल वाजवण्याआधी तिकीट काढून ठेवा, आणि रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत असंच काढा.