प्रोसेसर नापास झाल्याबाबत

प्रति,
नव्या आवृत्तीचे कर्तेधर्ते,
(पत्ता ठाऊक नाही. तुम्हालाही आमचा ठाऊक नाही, तेव्हा फिटंफाट.)

विषय : मु. पो. एटापल्ली येथील एक संगणक मोजणीत नापास झाल्याबाबत.
संदर्भ : आपला पडद्यावरचा एका ओळीचा संदेश.

महोदय,

प्रथम अभिनंदन. अपग्रेड यशस्वी झालं, असं तुम्हीच हिरव्या अक्षरांत कळवलंत. त्यानंतर आमचा सर्व्हर धड उठलाच नाही, ही बाब अलाहिदा.

सर्व्हर म्हटल्यावर गारेगार खोली डोळ्यांपुढे आणू नका. आमचा सर्व्हर म्हणजे ग्रामसभेच्या खोलीतला कोअर टू ड्युओ. दोन जीबी रॅम, चंद्रपूरहून जुना आणलेला, मागच्या फटीतून उंदीर शिरू नये म्हणून पुठ्ठा लावलेला. शेजारी एक राऊटर. बाहेर रेंज असो नसो, फळीवरचे, म्हणजे पानं गोळा होतात तिथले, मुन्शी संध्याकाळी येतात आणि आपापल्या मोबाइलवरून दिवसाचे पुडे चढवतात. इंटरनेटच्या भरवशावर इथे हिशेब होत नाही, म्हणून सर्व्हर घरचा.

पुडा म्हणजे विडीला लागणाऱ्या तेंदूची 70 पानं. एकावर एक ठेवायची, सालीच्या दोरीने बांधायची. असे हजार पुडे झाले की एक स्टँडर्ड गोणी, म्हणजे 70,000 पानं. सगळी हाताने तोडलेली, बोटांनी मोजलेली, मे महिन्यातल्या उन्हात. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि इथल्या कितीतरी ग्रामसभा आपला तेंदू आपण विकू लागल्या. चांगलंच झालं. फक्त आता हिशेब चुकला तर शिव्या घालायला दुसरं कुणी नाही, मीच आहे.

मग ऐन हंगामात अपग्रेड का केलं? कारण तुम्ही घाबरवलंत. रोज सकाळी लाल पट्टी : सुरक्षा संपली, सुरक्षा संपली. रेंज येते रात्री, म्हणून दोन रात्री जागून उतरवून घेतलं. अपाची या वेब सर्व्हरने आधी आपल्याच पानावर मला ‘मनाई’ म्हणून सांगितलं. सेटिंगची भाषा बदलली होती, मीही बदलली. पीएचपीमधली डेटाबेसला हाक मारायची जुनी पद्धत 2015 मध्येच काढून टाकली होती. ती चूक माझी, चाळीस ठिकाणी दुरुस्त केली. मग आला डेटाबेस. तो तुम्ही कंटेनर नावाच्या डब्यात बंद करून पाठवलात, आणि झाकण उघडायच्या आतच डबा बोलला : या प्रोसेसरला एक्स-86-64, व्ही-2 येत नाही. खेळ खलास.

हे व्ही-2 काय, म्हणून शोधलं. 2020 मध्ये प्रोसेसरांच्या इयत्ता ठरल्या. पहिलीत सगळे. दुसरीत साधारण 2008 नंतरचे. आमचा 2006 च्या घराण्यातला, म्हणून पहिलीतच राहिला. दुसरीत बसायला ज्या सूचना लागतात, त्यातल्या काही त्याला येत नाहीत. त्यातलीच एक, एखाद्या आकड्यात किती ‘एक’ आहेत ते एका दमात मोजण्याची. आमचाही मोजतो, पण बऱ्याच पायऱ्या चढून. असल्या सूचनांवरून नापास.

त्या मोजणीच्या सूचनेचं पूर्ण नाव ठाऊक आहे ना? पॉप्युलेशन काउंट. लोकसंख्या-मोजणी.

वाचलं आणि हसलो. तेवढ्यात दारात एक आजी आली. बँकेत पैसे आले का बघायला पायी आलेली. म्हणाली, “बाबू, माजे पुडे कुठं गेले जी?” मी स्क्रीन तिच्याकडे वळवली नाही. काय दाखवणार होतो? तिने बोटांवर मोजलेली पानं त्या डब्याच्या आत होती, आणि डबा म्हणत होता, तुमच्या यंत्राला मोजता येत नाही.

तेव्हा उपरोध पुरे झाला, साहेब. तुम्हाला लाज वाटायला हवी. कारण पुढे मी काय केलं ते ऐका. डब्याचा नाद सोडला, त्याच डेटाबेसचा सोर्स कोड घेतला आणि याच कोअर टू ड्युओवर कंपाइल करायला लावला. मध्ये दोनदा लाइट गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुरू झाला. कोड तोच, एक ओळही न बदलता. म्हणजे आमचं यंत्र असमर्थ नव्हतंच. डबा बांधताना कुणीतरी एक खूण केली : दुसरीच्या खालचे नकोत. ती खूण करताना आम्ही त्यांच्या डोक्यातही नव्हतो. पेनड्राइव्हवरच्या बॅकअपमधून आजीचे पुडे परत आले, एकूण एक.

राग ओसरल्यावर मात्र वाटलं, तुम्ही तरी काय करणार? तुमच्यातले कितीतरी जण बिनपगारी, नोकरी सांभाळून रात्री बसणारे. माझ्यासारखेच. पंधरा-वीस वर्षं जुनं यंत्र चाचणीला आणणार कुठून? डेबियन या लिनक्सवाल्यांनीही ऑगस्ट 2025 मध्ये 32 बिटच्या जुन्या पीसींचा कर्नल आणि इन्स्टॉलर बंद केला. पण त्यांनी आधीच लिहून ठेवलं, की अशा यंत्रावर अपग्रेड करूच नका. दार बंद करणाऱ्याने बाहेर पाटी लावावी, एवढीच अपेक्षा असते. तुम्ही पाटी दाराच्या आत लावलीत.

तेव्हा विनंती इतकीच : डबा उतरवण्याआधी प्रोसेसर तपासा, उतरवून झाल्यावर नव्हे. दोन रात्रींची रेंज इथे फुकट मिळत नाही. आणि चाचणीला जुनं यंत्र हवं असेल तर पावसाळ्यात या. तेव्हा ते रिकामं असतं. मेमध्ये नका येऊ, आम्ही मोजत असतो.

कळावे,
आपला,
पहिलीतला एक